सुखनिवासला फुल प्रेशर

३ फेब्रुवारी, सोमवार

संकल्प: आजपासून राग बंद. डॉक्टर म्हणाले, बीपी वाढलंय. मी त्यांना सांगितलं की मी मुळातच शांत माणूस आहे. ते मशीनकडेच बघत होते. मशीन जुनं असावं.

संध्याकाळी चांदभाई बागवान चहाला आले. आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात, मंडईत फळांचा गाळा आहे. अख्ख्या सुखनिवासमध्ये मला समजून घेणारा हा एकच माणूस. त्यांच्या मुलीची, आलियाची, नोकरीची शेवटची मुलाखत २६ मार्चला आहे. व्हिडिओवर. कॉलेज संपल्यापासून पोरगी त्यासाठी रक्त आटवते आहे. मोबाईलच्या नेटवर चित्र मध्येच थिजतं, म्हणून चांदभाई घरी वायरचं कनेक्शन घेणार होते. मी म्हटलं, थांबा. एकेकट्याने कशाला, सगळ्या इमारतीला मिळून एकच दणदणीत कनेक्शन घेऊ. मी बसवतो, २६ तारखेच्या आत. शब्द दिला. ते म्हणाले, गोपाळराव, तुम्ही शब्द दिलात म्हणजे झालं.

आयुष्य पाणी खात्यात गेलं माझं, व्हॉल्व्ह सोडण्यात आणि बंद करण्यात. इंटरनेट आणि पाणी यांत काडीचा फरक नाही. मेन लाइन, वाटप, प्रेशर आणि चोरी. खडकवासल्याचं पाणी शुक्रवार पेठेत घरोघर पोचवलेल्या माणसाला हे काय अवघड.

नीरजाला सांगितलं. बायको असूनही ती हसली. बशी हातातून सुटली आणि भिंतीला लागली. आमच्या भिंती फार जवळजवळ बांधल्या आहेत.

५ फेब्रुवारी, बुधवार

पार्किंगमध्ये मीटिंग. मी विषय मांडला. शांतपणे. सोबत व्हॉल्व्हची लोखंडी चावी नेली होती, छातीपर्यंत उंचीची, रिटायर झालो तेव्हा आठवण म्हणून घरी आणली होती. मुद्दा समजावताना हातात काही असलं की बरं पडतं.

तिसऱ्या मजल्यावरचे माधवराव म्हणाले, इंटरनेटला प्रेशर नसतं. हे घरी बसून शेअर मार्केट करतात, त्यामुळे जगातलं सगळं आपल्यालाच कळतं असा समज. मी म्हटलं, खालच्या मजल्याला पाणी धो धो आणि वरच्याला करंगळीएवढी धार, हे बघितलंय का कधी? ते म्हणाले, ते पाणी. आणि हसले. त्यानंतर त्यांची खुर्ची मागे गेली, चष्मा माझ्या बुटाखाली आला. नाजूक चष्मे वापरतात लोक.

दोन ठराव एकमताने मंजूर. एक, इंटरनेट समिती स्थापन, अध्यक्ष मी. दोन, इमारतीत कोणीही खासगी वायर आणायची नाही. माधवराव चष्मा शोधत होते, त्यामुळे विरोधात हात वर झाला नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी दूध आणायला निघालो. तिसऱ्या मजल्यावरून माधवरावांच्या हेमावहिनींनी लादी पुसल्याची बादली माझ्यावर ओतली. मागोमाग बादलीही आली. पाण्याचा नेम चांगला होता, बादलीचा त्याहून चांगला. टेंगूळ आलंय.

मी रागावलो नाही. त्यांच्या दारापर्यंत गेलो, ते रागावलो नाही हे सांगायला. दाराची कडी तेवढी निखळली.

१० फेब्रुवारी, सोमवार

नेट कंपनीचा माणूस आला, सीताराम नावाचा. राउटर कुठे लावायचा विचारलं. मी म्हटलं, गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या डोक्यावर. उंची असली की प्रेशर मिळतं. सीताराम म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं, मला काय. असा माणूस मिळायला नशीब लागतं. टाकीवर विटा रचून राउटर ठेवला, वर पत्र्याचा डबा पालथा घातला आणि प्रत्येक घराच्या खिडकीत एकेक वायर सोडली. इमारत जरा बांधून ठेवल्यासारखी दिसते, पण भक्कम दिसते.

आलिया जिन्यात भेटली. काका, पत्र्याच्या डब्यातून सिग्नल येईल का, असं नम्रपणे विचारत होती. लहान आहे. सांगितलं, तू फक्त अभ्यास कर.

१२ फेब्रुवारी, बुधवार

उद्घाटन. नीरजाने पूजा केली, नारळ मी फोडायचा होता. टाकीच्या कडेवर सगळी ताकद लावून आपटला. कड फुटली, नारळ फुटला नाही. उडाला, कठड्यावरून गेला आणि खाली माधवरावांच्या स्कूटरवर पडून फुटला. खोबरं पांढरंशुभ्र. शकुन उत्तम.

माधवराव वर आले. बुक्की माझ्या पोटात बसली, माझं कोपर त्यांच्या बरगडीत बसलं. प्रसाद मग आपापल्या घरी खाल्ला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

कोणाकडेच नेट येत नाही. तळमजल्यावरसुद्धा नाही. नियमाप्रमाणे तिथे धो धो यायला हवं.

विचार करून निदान केलं. लाइनीत हवा धरली आहे. नव्या लाइनीत धरतेच. खात्यात असताना आम्ही पाइपावर दणके घालायचो, फुस्स करून हवा निघायची. प्रत्येक मजल्यावर जाऊन चावीने वायरींवर दणके घातले. तीन ठिकाणी प्लॅस्टर आणि एका ठिकाणी खिडकीची काच निघाली. हवा निघाली असावी.

नीरजा म्हणाली, अहो, हवा वायरीत नाही धरलेली. मग कुठे धरली, विचारलं. गॅसवर दूध आहे म्हणाली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी दवाखान्यातून आलो. डाव्या मनगटाला प्लॅस्टर.

झालं असं. सकाळी टाकीवर चढून राउटर तपासत होतो. खालून माधवराव शिडीवर आले, म्हणाले, डबा काढा, पत्र्याने सिग्नल अडतोय. मी म्हटलं, शिडी सोडा. ते डब्याकडे हात करायला लागले. माझा पाय त्यांच्या खांद्यावर होता तो जरा दाबला गेला. त्यांनी पाय ओढला. राउटर, डबा आणि विटा टाकीत. त्यांच्यामागे मी. माधवराव शिडीसकट गच्चीवर आडवे, ओठ फाटला.

टाकीतून मला दत्तोबा वस्तादांनी काढलं. तळमजल्यावर राहतात, तालमीत पोरांना कुस्ती शिकवतात, एका हाताने माणूस उचलतात. धुण्याच्या पिळ्यासारखं मला कठड्यावर ठेवलं आणि म्हणाले, हे पाणी आम्ही पितो. प्लॅस्टर दवाखान्यात घातलं, पण मनगट टाकीत मोडलं की वस्तादांच्या मुठीत, हे सांगता येत नाही. वस्ताद प्रेमळ आहेत.

चांदभाई संध्याकाळी डाळिंबं घेऊन बघायला आले. म्हणाले, तब्येत सांभाळा, नेटचं राहू द्या हवं तर. मी म्हटलं, शब्द दिलाय.

२४ फेब्रुवारी, सोमवार

नवी योजना. गेल्या वेळची चूक कळली: माधवराव.

दुसरा राउटर. या वेळी जिन्याखाली, वीज मीटरच्या शेजारी लोखंडी पेटीत. पेटीला कुलूप, किल्ली माझ्या जानव्याला. आणि पाण्याची पाळी असते तशी पाळी. सकाळी तळमजला आणि पहिला, दुपारी दुसरा, संध्याकाळी वरचे. पाळी संपली की मी खाली जाऊन त्या घराची वायर उपसतो आणि पुढच्याची खोचतो. असं शिस्तीचं नेट पुण्यात दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही.

सुरू झालं. खरंच सुरू झालं. दत्तोबांच्या मोबाईलवर कोल्हापूरची कुस्ती अखंड चालली. आनंदाने त्यांनी पाठीत थाप मारली. श्वास परत यायला वेळ लागला.

२ मार्च, रविवार

रोजे सुरू झाले. आलिया दुपारच्या पाळीत मुलाखतीची तयारी करते, तिची मैत्रीण समोरून प्रश्न विचारते. आज बोलता बोलता पाळी संपली, मी वायर उपसली. ती खाली आली. म्हणाली, काका, वाक्य तरी पूर्ण होऊ द्यायचं. रागावली नाही. बापाचा स्वभाव. मी सांगितलं, २६ तारखेला सगळ्या इमारतीचं बंद आणि तुझं एकटीचं चालू. फुल प्रेशर. ती म्हणाली, तेवढं नको हो काका, फक्त कट व्हायला नको.

अल्पसंतुष्ट आहेत हल्लीची मुलं.

६ मार्च, गुरुवार

चोरी पकडली.

माधवरावांची पाळी संध्याकाळी. पण चालू झाली की त्यांच्या घरी नेट तुफान आणि त्याच पाळीतल्या बाकीच्यांकडे मुंगीच्या पावलाने. सहज त्यांच्या दाराच्या फटीतून बघितलं तर भिंतीवर एक पांढरी डबी, वर हिरवा दिवा. हेमावहिनींना विचारलं हे काय. बूस्टर, म्हणाल्या.

डोकं सुन्न झालं. मेन लाइनीला मोटर लावून पाणी ओढणारे असलेच. अशा मोटरी मी रस्त्यावर आणून फोडल्या आहेत. कायदा माझ्या बाजूने होता. चावी घेऊन आत गेलो. बूस्टर फुटला. त्याच्या शेजारचा टीव्हीही फुटला, तो त्यांनी भलत्या जागी लावला होता.

माधवरावांनी गळा धरला. मी केस धरले. त्यांचे फार नाहीत, पण जे होते ते धरले. तसेच जिन्यात आलो आणि तसेच खाली निघालो. माझे दात त्यांच्या दंडाला लागले, त्यांचा गुडघा जिथे लागला ते लिहीत नाही. दुसऱ्या मजल्यावर चांदभाई इफ्तारसाठी कलिंगड घेऊन चढत होते. ते भिंतीला चिकटले म्हणून वाचले. कलिंगड वाचलं नाही. माधवरावांच्या डोक्यावर फुटलं, आणि लालभडक बघून हेमावहिनी खून झाला म्हणून किंचाळल्या.

शेवटी दत्तोबांनी दोघांच्या माना धरल्या आणि डोकी एकमेकांवर आपटली. एकदाच. तालमीत म्हणे वाद असाच मिटवतात. मिटला.

चांदभाई जिन्यातल्या बिया वेचत होते. त्यांना सॉरी म्हणायचं राहून गेलं. उद्या म्हणेन.

७ मार्च, शुक्रवार

चौकीत बोलावलं होतं. हवालदाराने विचारलं, पहिला हात कोणी उचलला? मी म्हटलं, प्रश्न हाताचा नाही, मोटरचा आहे. त्याने विचारलं, कसली मोटर? माधवराव म्हणाले, बघा. हवालदाराने आम्हा दोघांच्या पट्ट्यांकडे आणि टाक्यांकडे बघितलं, म्हणाला, वयाचा विचार करा आणि घरी जा.

त्याने ते माधवरावांना उद्देशून म्हटलं. ते माझ्यापेक्षा लहान आहेत.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. पेटीच्या भोकांतून कोणीतरी पिचकारीने रंग मारला. नेट बंद. हे कोणाचं काम, सांगायला नको, पण पुरावा हवा. इमारतीभोवती फिरून पाहणी केली. तळमजल्याच्या खिडकीतून एक काळी वायर बाहेर गेलेली दिसली. बेकायदा कनेक्शन! तिथल्या तिथे पक्कड काढून तोडली.

ती दत्तोबांच्या टीव्हीच्या छत्रीची वायर होती. आतून कुस्तीच्या कॉमेंट्रीचा आवाज एकदम थांबला, तेव्हा लक्षात आलं.

दत्तोबा ओरडले नाहीत. पट्ट्याला धरून मला तालमीत नेलं, हौद्याच्या लाल मातीत उभं केलं आणि पोरांना म्हणाले, हे काका धोबीपछाड शिकायला आलेत. प्रत्येकाने एकदा शिकवली. मी सगळ्यांना नंतर सांगितलं की या वयात व्यायाम चांगलाच. पाठ पाटासारखी झाली आहे.

राउटर वाळवला. चालला. रंग कमरेपर्यंत आहे, आत्मा शाबूत आहे.

२० मार्च, गुरुवार

आज मनाला लागलं.

चांदभाई आले. रोजा असल्यामुळे चहा नाही, नुसतेच बसले. बराच वेळ फळांचं बोलले, मग म्हणाले, गोपाळराव, राग मानू नका, पण मुलाखतीपुरतं दोन दिवस मी छोटं कनेक्शन घेऊ का? आलियाला धाकधूक वाटते आहे. रात्री झोपत नाही. एवढ्या फेऱ्या पार करून आली, आता शेवटच्या पायरीवर काही होऊ नये.

मी दुखावलो. इतका मार खाल्ला तो कोणासाठी? हे मी जरा मोठ्याने म्हटलं असेन, नीरजा स्वयंपाकघरातून बाहेर आली. मी चांदभाईंना सांगितलं की ठराव तो ठराव, खासगी वायर आली तर मला ती तोडावी लागेल. धमकी नव्हती. माहिती दिली. टीपॉयवर मूठ पडली तीही वाक्य संपलं म्हणून पडली. टीपॉयची काच तडकली.

चांदभाई काचेकडे बघत होते. म्हणाले, ठीक आहे. तुमच्या शब्दावर राहतो.

ते गेल्यावर नीरजा म्हणाली, त्यांना नाही म्हणता येत नाही म्हणून ते हो म्हणाले. मी म्हटलं, विश्वास आहे त्यांचा. ती म्हणाली, तेच म्हणते मी.

२५ मार्च, मंगळवार

उद्या मुलाखत, सकाळी अकराला. तयारी पूर्ण. उद्या सर्वांचं नेट बंद, नोटीस लावली. आलियाच्या वायरीला इन्सुलेशन टेपचे नवे वेढे दिले. पेटीजवळ खुर्ची टाकली. राउटरला हळदकुंकू.

संकल्प: उद्या आवाज नाही. खोकलासुद्धा नाही. माधवरावांनी थोबाडीत मारली तरी दुसरा गाल पुढे करायचा. नीरजाने सुचवलं की उद्या सकाळी आपण तिच्या बहिणीकडे जाऊ, तळजाईला फिरू, जेवूनच येऊ. मी म्हटलं, आणि पेटी कोण बघणार? ती म्हणाली, कोणी बघायला नको म्हणूनच जाऊ. बायकांना जबाबदारी म्हणजे काय ते कळत नाही.

चावी जवळ ठेवणार आहे. फक्त दिसायला.

२६ मार्च, बुधवार

लिहावंसं वाटत नाही. लिहितो.

साडेदहाला पेटी उघडली. सगळ्यांच्या वायरी उपसल्या, आलियाची एकटीची ठेवली. चांदभाई गाळ्यावर गेले नव्हते, दाराबाहेर पायरीवर बसून होते, ओठ कोरडे, नवा सदरा. मी खालून अंगठा दाखवला.

अकराला सुरू झालं. तिचा आवाज जिन्यातून खाली येत होता. काय सुंदर इंग्रजी. एकदाही थिजलं नाही, एकदाही तुटलं नाही. समोरचे हसल्याचाही आवाज आला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी हे केलं होतं. मी.

मग माधवराव उतरले. हातात कचऱ्याची पिशवी. माझ्यापाशी थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, चांगलं चाललंय हो तिचं. आणि पेटीकडे बोट केलं.

बोट पेटीच्या दिशेने होतं. आता ते म्हणतात, कौतुक करत होते. बोट बघून कौतुक आहे की चोरी, हे कसं कळणार? चावी वर गेली. माधवराव खाली वाकले, हल्ली त्यांना सराव झाला आहे. चावी पेटीवर बसली. राउटरचे दोन तुकडे झाले, मीटरातून ठिणग्या उडाल्या, इमारतीचे सगळे दिवे गेले, आणि वरचा आवाज अर्ध्या वाक्यात थांबला.

माधवराव पळाले म्हणून मी मागे धावलो. तू पाडलंस, तू पाडलंस, असं मी ओरडत होतो. दुसऱ्या जिन्यापर्यंत त्यांच्या पाठीवर दोन बसल्या. वर आलिया मोबाईल घेऊन गॅलरीत गेली असावी, हॅलो, सॉरी, हॅलो, एवढंच ऐकू येत होतं. आणि मध्ये मी.

चांदभाई खाली आले. माझ्या हातातून चावी घेतली आणि भिंतीला टेकवून उभी केली. नीट, पडणार नाही अशी. मग माझ्या थोबाडीत मारली.

पाठ फिरवली. वर गेले.

२७ मार्च, गुरुवार

गाल सुजला आहे. चारही बोटं मोजता येतात.

विचार केला. चांदभाईंचा तोल गेला असावा. सकाळपासून पाण्याचा थेंब नाही, उकाडा. रोज्यात राग करायचा नसतो, असं तेच मला दर वर्षी सांगतात, म्हणजे तो राग नसणार. काहीतरी दुसरं असणार.

दत्तोबांकडून मार खाल्ला, माधवरावांकडून खाल्ला, बादली खाल्ली, टाकीत पडलो. ते सगळं दुसऱ्या दिवशी उतरलं. हे उतरत नाही. बर्फ लावला तरी उतरत नाही.

नीरजाला म्हटलं, चांदभाईंनी मला मारलं. ती भाजी निवडत होती. मला वाटलं, ती त्यांना बोल लावेल. ती म्हणाली, पंचवीस वर्षांत त्यांनी मांजरावरसुद्धा हात उगारलेला मी बघितला नाही. मग पुढची जुडी निवडायला घेतली.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी उभारली. नवा संकल्प सुचला नाही.

पार्किंगमध्ये मीटिंग झाली, मला न बोलावता. इंटरनेट समिती बरखास्त, खासगी वायरीवरची बंदी रद्द, एकमताने. आता दुपारपासून सीताराम घरोघर वायरी ओढत फिरतो आहे. मला जिन्यात नमस्कार केला. पुढच्या खेपेला तुम्ही म्हणाल तसं, म्हणाला.

नीरजाने श्रीखंडाचं भांडं वर बागवानांकडे दिलं. स्वतः गेली. मी जिन्याच्या तोंडाशी उभा होतो. वरून तिच्या आणि आलियाच्या हसण्याचा आवाज आला. भांडं परत आलं नाही, ते बरं झालं. म्हणजे कोणीतरी ते घेऊन येईल.

३१ मार्च, सोमवार

ईद. चांदभाई आले. स्वतः. भांड्यात शीरखुर्मा.

मी ईद मुबारक म्हटलं. गळाभेट झाली, दर वर्षीसारखी. गालाकडे त्यांनी बघितलं नाही, मीही बघू दिलं नाही. मग म्हणाले, आलियाला नोकरी लागली.

मी उभाच राहिलो. त्या दिवशी फोन तुटल्यावर कंपनीने दोन दिवसांनी पुन्हा वेळ दिली. कोंढव्याला तिची आत्या सलीमा राहते, तिच्या घरी बसून तिने मुलाखत पूर्ण केली. मला इतका आनंद झाला की मी त्यांचे दोन्ही हात धरले. म्हटलं, शेवटी सुरुवात तर आपल्याच लाइनीवर झाली ना. पाया आपला. चांदभाई म्हणाले, हो, सुरुवात इथेच झाली.

काम घरूनच करायचं आहे म्हणे. मी म्हटलं, मग तर उत्तमच, समिती असो नसो, तिच्यासाठी मी वेगळी लाइन टाकून देतो, या वेळी लोखंडी पाइपातून. चांदभाईंनी मान हलवली. म्हणाले, गोपाळराव, आम्ही पुढच्या महिन्यात कोंढव्याला जातो आहोत. सलीमाच्या इमारतीतच फ्लॅट मिळाला.

मला कळेना. मी विचारलं, तिकडे नेट चांगलं आहे का?

ते म्हणाले, नेटचं काही नाही हो. नेट इथेही घेता आलं असतं, आजच्या आज. पण तिच्या दिवसभर मीटिंग असणार. मागून आरडाओरडा ऐकू आलेला चालत नाही.

मी म्हटलं, मी माधवरावांशी बोलतो. असा दम देतो की पुन्हा तोंड उघडणार नाहीत. चांदभाई माझ्याकडे बघत राहिले. मग उठले आणि त्यांनी हात वर केला. माझी मान आपोआप खाली गेली. त्यांनी हात माझ्या खांद्यावर ठेवला, थोडा वेळ ठेवला, आणि ते वर गेले.

फार वाईट वाटतंय. या इमारतीत मला तो एकच माणूस होता.

नीरजाने वाटीत शीरखुर्मा दिला. मी तिला विचारणार होतो की आरडाओरडा नक्की कोणाचा. ती समोरच बसली होती, माझ्याकडे बघत, उत्तर तयार ठेवून. मी विचारलं नाही.